रविवारी रात्री नऊला

ब्यूट, मोंटाना. बाहेर उणे अठरा.
खाणीचा खड्डा उशाशी घेऊन झोपलेलं गाव.
मी सोफ्यावर, पायांत दोन-दोन मोजे,
मांडीवर परवाची पेस्टी, अर्धी गरम अर्धी गार,
आणि पडद्यावर तो येतो.

पाण्याचे मीटर वाचणारा साधा माणूस,
करड्या जॅकेटवर पालिकेचा बिल्ला.
कुणाकडे किती पाणी वाहतं, यावरून
कोण एकटं आहे, कोण परगावी गेलंय,
कोण रात्री तीनला उठून अंगावरचं काय धुतंय,
सगळं त्याला कळतं.
पहिल्या भागात एकाला धमकावलं, बायकोच्या औषधांसाठी.
पाचव्यात एकाला तळघरात कोंडलं.
औषधं तेव्हा नुसती तोंडी लावायला उरली होती.
आता तिसरा सीझन. बायको कधीच बरी झाली,
सोडूनही गेली.
तो थांबलेला नाही.
मीही.

मी व्हर्ना स्टानिसिच, वय सदुसष्ट,
एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीमागे.
एकदा गल्ल्यात चाळीस डॉलर जास्त निघाले
तर रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
सकाळी सातला बर्फ तुडवत मॅनेजरच्या दारात.
तो टॉवेल गुंडाळून उभा. म्हणाला,
व्हर्ना, आज शनिवार आहे.

त्या बाईने काल रात्री
हात जोडून (खरंच, पेस्टीचे तेलकट हात)
मागितलं काय, तर
पोलिसीण तळघराची पायरी उतरू नये.

बिचारी ती पोलिसीण.
डब्यात घरचं सँडविच, चष्म्याला दोरी,
पावत्या तारखेवार लावलेल्या.
हुबेहूब मी.
आणि ती दिसली की माझं डोकं उठतं.
जा की घरी, ओरडते मी तिच्यावर,
तुझ्या बापाचं काय जातंय.

काय आहे त्याच्यात? देखणा नाही.
टक्कल, एक खांदा उतरता.
पण तो कुलपाशी वाकला की
कुठूनसा एकटा चेलो वाजू लागतो,
कॅमेरा इतका जवळ सरकतो
की पापणीवरचा घाम मोजावा,
आणि इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाला
दोषी कोण कसं ठरवणार?

शिवाय ते घड्याळ.
बँकेने निरोपाला दिलेलं, पाच मिनिटं मागे पडतं.
मी कुणाला काही बोलले नाही.
तोही बोलला नसता. नुसता
त्यांच्या दारात उभा राहिला असता, बराच वेळ.

दर रविवारी मी त्याचे गुन्हे पोटात घालते
आणि वर चहा पिते.

काल चहाला उठताना पॉज केलं,
परतले तर रिमोट मेलेला.
बॅटऱ्या त्या खणात, जिथे मी हात घालत नाही.
तीन पाकिटं. डीअर लॉजच्या तुरुंगाचा शिक्का.
एकही फोडलेलं नाही.

बहिणीचा एमेट.
फार्मसीचं मागचं दार फोडलं. मारलं कुणालाच नाही.
खटल्याच्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर.
त्याच्यामागे चेलो नव्हता.
ट्यूबलाइटची भुणभुण होती, आणि वाहणारं नाक
तो बाहीला पुसत होता, पाच वर्षांचा असताना पुसायचा तसं.
एकदाच वळून पाहिलं त्याने.
मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

चार वर्षं.
चाळीस मैल.

पत्त्यातला घर नंबर त्याने चुकीचा लिहिलाय.
तरी पोचलं, तिन्ही वेळा.
टपालवाल्याला ठाऊक आहे मी कुणाची मावशी.

बॅटऱ्या घातल्या.
पोलिसीण पायरीवर, एक पाय हवेत.
बटाटे सोलायची सुरी आणून मी पाकिटाशेजारी ठेवली
आणि आधी भाग संपवला.

ती उतरली नाही. फोन आला, माघारी वळली.
मला हायसं वाटलं.

सुरी अजून तिथेच आहे.